घरातल्या सगळ्यांनाच कोरोना झाला, तर बरं कसं व्हावं?

घरात एकाला कोरोना झाला की बाकीचे त्याचं करतात. सगळेच आजारी पडले, तर कोणाचं कोणी करायचं? आपल्याकडे याचं उत्तर न विचारताच ठरलेलं असतं. जी रोज ओट्याशी उभी असते ती तापातही उभी राहते, सगळ्यांच्या वाट्या भरते आणि सर्वांत शेवटी आडवी होते. अशा घरात बाकीचे बरे होतात आणि तिचा अशक्तपणा मात्र महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून या लेखात औषधांआधी कामाच्या वाटणीबद्दल लिहिणार आहे.

हा आजार महाराष्ट्रात आला तोच कुटुंबातून पसरत. मार्च २०२० मध्ये पुण्यात सापडलेले पहिले रुग्ण म्हणजे दुबईहून परतलेलं एक दांपत्य, आणि पाठोपाठ त्यांची मुलगी. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यातही मुंबई-पुण्यात रुग्ण वाढले होते. आताच्या ओमायक्रॉनच्या पोटप्रकारांत बहुतेक जण घरीच बरे होतात. घरात साठीच्या पुढचं माणूस, मधुमेह, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेलं कोणी, कर्करोगावर उपचार घेणारं कोणी किंवा गरोदर बाई असेल, तर मात्र हलगर्जीपणा करू नका.

पहिल्याच दिवशी: वही काढा

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येकाला एक पान. वर नाव आणि पहिलं लक्षण दिसलं ती तारीख. घसा खवखवला, कणकण आली, अंग दुखायला लागलं, जे पहिलं झालं ते. त्याखाली रोज सकाळ-संध्याकाळ ताप, ऑक्सिजन, नाडीचे ठोके, काय खाल्लं आणि लघवी नीट झाली का, एवढंच लिहायचं. मधुमेह असेल त्याच्या पानावर साखरेचा आकडाही, कारण संसर्गात साखर चढते.

तारखेवर इतका भर देण्याचं कारण असं की घरातले सगळे एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. ओमायक्रॉनची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस लागतात. त्यामुळे नातवाचा सातवा दिवस असतो, तो खेळायला लागलेला असतो, आणि आजोबांचा तेव्हा कुठे तिसरा असतो. तब्येत बिघडायची असेल तर ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडते. ते दिवस प्रत्येकाच्या आपल्या तारखेपासून मोजायचे. "आता घरात सगळे बरे आहेत" असं म्हणताना आजोबांचा सहावा दिवस नजरेतून सुटतो, तो असा.

तपासणी सगळ्यांची करायलाच हवी असं नाही. एकाची पॉझिटिव्ह आली आणि बाकीच्यांना तीच लक्षणं असली, तर कोरोनाच धरून चाला. ज्यांना धोका जास्त आहे त्यांची मात्र लगेच करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. विषाणूवरच्या गोळ्या द्यायच्या असतील तर त्या पहिल्या पाच दिवसांत सुरू व्हाव्या लागतात.

कामं वाटून घ्या

सगळेच पॉझिटिव्ह असाल तर एकमेकांपासून वेगळं राहायची गरज नाही. एकत्र बसा, एकत्र जेवा. लागण न झालेलं कोणी घरात असेल, तर वेगळी खोली, उघडी खिडकी आणि एन-९५ मास्क त्याच्यासाठी. आजारी माणसांची सेवा करायला त्या निरोगी माणसाला पुढे करू नका. ज्याचा ताप उतरला आहे तो पुढच्याचं बघेल, असा क्रम लावा.

पहिले चार-पाच दिवस स्वयंपाकघर जवळपास बंद ठेवता आलं तर उत्तम. शेजारी, बहीण, मित्र विचारतात, "काही लागलं तर सांगा." तेव्हा "नको, चाललंय आमचं" म्हणू नका. नेमकं सांगा: दुपारचा डबा, साधं वरण-भात, दाराच्या हँडलला पिशवी अडकवा. मागताना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तरीही मागा. डबा मिळण्यासारखा नसेल तर दिवसातून एकदाच कुकर लावा आणि रोज वेगळ्या माणसाने लावा. कुकर लावता येत नसेल त्याने भांडी घासावीत. नववी-दहावीतलं पोर ऑक्सिमीटर घेऊन फेरी मारू शकतं, वही भरू शकतं, पाण्याच्या बाटल्या भरून उशाशी ठेवू शकतं. रात्री उठून कोणाला बघायचं असेल तर त्याचीही पाळी लावा.

खाण्याचं फार अवडंबर नको. पहिले दोन दिवस तांदळाची पेज, मेतकूट-भात, अमसुलाचं सार चालेल. भूक परतली की मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, दही, घट्ट वरण, पनीर. तापात स्नायू झिजतात, ते भरून यायला प्रथिनं लागतात. निव्वळ पेजेवर आठवडाभर ठेवलेलं माणूस उठून उभं राहिलं की त्याला गरगरतं. जुलाब असतील तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. लघवीचा रंग फिका राहील एवढं पाणी पोटात गेलं पाहिजे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. काढा एखादा कप घ्यायला हरकत नाही, पण दिवसातून पाच वेळा मिरी-सुंठ पोटात गेली की जळजळ सुरू होते, आणि गूळ घातलेला काढा मधुमेही माणसाला देऊ नये.

ऑक्सिजन मोजायची रीत

ऑक्सिमीटर बहुतेक घरांत २०२१ पासून पडलेला असतो. आधी सेल बदला. नेलपॉलिश पुसा, मेंदी रंगलेलं बोट सोडून दुसरं घ्या. बोटं गार असतील तर चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसल्यावर मधल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. लावल्या लावल्या दिसणारा आकडा लिहू नका. सुरुवातीला ८८ दाखवून मग ९७ वर स्थिरावणारी यंत्रं कितीतरी आहेत, आणि त्या पहिल्या आकड्याने घरात रडारड होते.

९५ किंवा त्यावर असेल तर ठीक. पुन्हा मोजूनही ९४ येत असेल तर डॉक्टरांना फोन. ९३ किंवा खाली गेला तर रुग्णालय. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असतो, त्यांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरोघर सांगितली होती. ती आजही उपयोगी आहे. ऑक्सिजन मोजायचा, घरातच सपाट फरशीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा मोजायचा. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त उतरला किंवा धाप लागली, तर दवाखाना गाठायचा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं. दमा असलेल्यांनी ही चाचणी करू नये, आणि बसल्या जागीच ज्याला धाप लागते त्यालाही चालवू नये.

यंत्रापेक्षा माणसाकडे जास्त बघा. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. एक वाक्य पुरं बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागतोय, छातीत दुखतंय किंवा दाबल्यासारखं होतंय, ओठ निळसर झालेत, हाक मारल्यावर माणूस भलतंच बोलतंय किंवा झोपेतून उठतच नाही, यातलं काहीही दिसलं तर आकडा ९६ असला तरी १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाला पालथं झोपवलं तर श्वास घ्यायला मदत होते. गरोदर बाईला, नुकतंच जेवलेल्याला, मणक्याची इजा किंवा गंभीर हृदयविकार असलेल्याला मात्र पालथं झोपवू नका.

औषधं थोडीच

ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन तर अजिबात नाही.

कपाटात मागच्या लाटेची प्रिस्क्रिप्शनं आणि उरलेल्या गोळ्या असतील तर त्या वापरू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीने दाखवून दिलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचवतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तरीही २०२१ मध्ये साध्या तापालाही ते सर्रास दिलं गेलं. साखर चढलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, वाढण्यामागे हे एक मोठं कारण होतं, आणि महाराष्ट्रात कितीतरी जणांनी त्यात डोळा, जबडा, जीव गमावला. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही, ते डॉक्टरांनी दिलं तरच घ्यावं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या चालू ठेवा.

वाफेने विषाणू मरत नाही. नाक मोकळं वाटतं म्हणून घ्यायची असेल तर मोठ्यांनी घ्यावी. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजतात, तेव्हा मुलांना वाफ देऊ नका.

भाज्या धुणं, पिशव्या पुसणं यात शक्ती घालवू नका. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवा. घराबाहेर जाण्याबद्दल जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने घातलेला नियम धरून चालायला सोपा आहे: किमान सात दिवस घरी आणि सलग तीन दिवस ताप नाही. त्यानंतरही काही दिवस वयस्कर माणसांत जाताना मास्क लावा.

ताप गेल्यानंतरचे आठवडे

इथे बहुतेक घरं घाई करतात. ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, की दुसऱ्या दिवशी धुणं, बाजार, ऑफिस. मग संध्याकाळी अंग गळून जातं. दमल्यावर झोपण्यापेक्षा दमायच्या आधी थांबायला शिका. आंघोळ स्टुलावर बसून करा. ज्या दिवशी केस धुवायचे त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याने करावा. भाजी बसून चिरा. एखादं काम केल्यावर त्याच दिवशी बरं वाटलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागलं, तर ते काम जास्त झालं. निम्म्यावर या आणि आठवडाभर तिथेच राहा. व्यायाम, जिम, गड चढणं हे लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवसांनी, तेही चालण्यापासून. चालताना बोलता आलं पाहिजे. छातीत धडधडलं किंवा दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

धाप लागत असेल तर नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा. जिना चढतानाही हेच करा.

वास गेला असेल तर रोज दोनदा सराव करा. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास, प्रत्येकी वीसेक सेकंद, तो वास आठवत हुंगायचे. किमान तीन महिने चालू ठेवावं लागतं. तोवर एक धोका लक्षात ठेवा. स्वयंपाक करणाऱ्याचाच वास गेला असेल, तर गॅस गळतोय, दूध करपतंय, आमटी आंबली आहे, हे त्या माणसाला कळणार नाही. रोज रात्री रेग्युलेटर बंद करा आणि शिळं अन्न दुसऱ्याला हुंगायला द्या.

दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले तर घाबरू नका. मोठ्या तापानंतर असं होतं आणि ते बहुधा परत येतात.

मनाचंही बघा. "मी ऑफिसातून आणला" हे कोणाच्या तरी मनात घोळत असतं. ते त्याला बोलू द्या आणि "तू आणलास" असं घरात चेष्टेतही म्हणू नका. त्या काळात जवळचं माणूस गमावलेल्या घरांत ऑक्सिमीटर नुसता टेबलावर दिसला तरी काळजात धस्स होतं. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आजार सुरू होऊन तीन महिने झाले आणि थकवा, धाप, विसराळूपणा, धडधड हे दोन महिन्यांहून जास्त टिकून असेल, तर त्याला लाँग कोविड म्हणतात. तो मनाचा खेळ नव्हे. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ईसीजी यांबद्दल विचारा. थकव्याची इतर कारणंही यातून बाहेर येतात, विशेषतः बायकांमधला रक्ताचा अभाव.

मुलं बहुधा सर्वांत लवकर बरी होतात, पण त्यांच्यावर पुढचे दोन ते सहा आठवडे नजर ठेवा. क्वचित एखाद्या मुलाला पुन्हा जोरात ताप येतो, पोट दुखतं, अंगावर पुरळ उठतं, डोळे लाल होतात. अशा वेळी त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात कोरोना कधी होऊन गेला ती तारीख सांगा. ती सांगितली नाही, तर तपास डेंग्यू-टायफॉइडच्या दिशेने जाऊन वेळ वाया जाऊ शकतो.