परिषदेच्या हॉटेलातून जेवायला बाहेर पडताय? या चुका टाळा

नागपूरहून परिषदेला आलेल्या एका पाहुण्यांनी रिसेप्शनवर विचारलं, "इथं जवळ चांगलं हॉटेल कुठंय हो?" काउंटरवरचा मुलगा जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "सर, हेच चांगलं आहे की." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आपल्याकडं जिथं खोली मिळते ते हॉटेल आणि जिथं भजी मिळतात तेही हॉटेल.

छत्रपती संभाजीनगरात आमच्या व्यवसायाच्या तीन परिषदा झाल्या. तिन्ही वेळा निवास-भोजन समितीत 'बाहेर कुठं जेवावं' ही यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी यादी छान टाइप करून, लॅमिनेट करून वाटली. तिच्यातली निम्मी ठिकाणं पाहुण्यांच्या कामाची नव्हती. खाली ज्या चुका लिहितो आहे, त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत.

नकाशात 'हॉटेल' टाकणं

रिसेप्शनवरचा घोळ दोन वाक्यांत मिटला, फोनमधला मिटत नाही. तिथं 'हॉटेल' टाकलं की लॉजची रांग लागते. 'रेस्टॉरंट' टाकलं की सगळीकडं सारखंच पनीर आणि नूडल्स. भाकरी हवी असेल तर 'खानावळ', 'भोजनालय', 'मेस', 'थाळी' हे शब्द वेगवेगळे टाकून पाहा, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन अक्षरांत. पाटी मराठीत असते, पण नकाशावरची नोंद मालकाच्या भाच्यानं कधीतरी इंग्रजी अक्षरांत, त्याला सुचेल त्या स्पेलिंगनं केलेली असते. खानावळीचे 'खाणावळ' आणि 'खानावल' असे अवतारही सापडतील.

शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरी जुन्या नोंदींत औरंगाबादच आहे. त्यामुळं दोन्ही नावांनी शोधा, पण राज्य बघून. बिहारमध्येही औरंगाबाद आहे. आमचे एक पाहुणे रेल्वेत बसूनच ढाब्यांची यादी काढून आले होते. त्यातले सगळे ढाबे जीटी रोडवरचे निघाले.

किलोमीटर मोजणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. शहरातली बरीच मोठी हॉटेलं जालना रोडवर किंवा त्याच्या आसपास, क्रांती चौकापासून चिकलठाण्याकडं पसरलेली आहेत. नकाशा सांगतो, समोरची थाळी २५० मीटरवर आहे. पण ती समोर म्हणजे रस्त्यापलीकडं असते आणि मध्ये दुभाजक असतो. कुठं उड्डाणपूल आहे, त्याच्याखालून वळसा आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक असे एकामागून एक पूल आहेत. गाडीनं निघालात तर पुढं जाऊन यू-टर्न घ्यायचा. पायी निघालात तर दुपारी सव्वाला, एप्रिल महिन्यात, सुटाबुटात आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून धावत्या ट्रकांसमोर उभं राहायचं. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हा पराक्रम केला. पलीकडं पोचेपर्यंत त्यांची भूक गेली होती, फक्त तहान उरली होती.

तेव्हापासून मी अंतर मिनिटांत लिहितो, तेही परतीचं धरून. हिशोब असा. सुट्टी सव्वा ते सव्वादोन. सभागृहातून निघायला दहा मिनिटं जातात, कारण लिफ्ट असते, हात धुणं असतं आणि "अरे, तू इथं कसा!" म्हणणारा एक मित्र असतोच. जेवायला पंचवीस मिनिटं, बिल द्यायला पाच. उरली वीस. म्हणजे जायला दहा आणि यायला दहा, त्यातही रिक्षा मिळेपर्यंतची दोन-तीन मिनिटं वजा. सात मिनिटांत जाता येईल तेवढंच दुपारच्या सुट्टीत 'जवळ'. बाकी सगळं रात्रीच्या यादीत.

हे तपासायचं असेल तर परिषदेच्या आदल्या आठवड्यात, त्याच वारी, दुपारी सव्वालाच जाऊन बघा. मी पहिल्या वर्षी रविवारी सकाळी अकराला जाऊन आलो होतो. रस्ता मोकळा, टेबलं मोकळी, मालक हसतमुख. सोमवारी त्याच दारात पंधरा माणसं उभी होती.

उलटीही एक गोष्ट आहे. आपल्याच बाजूला, जायच्या दिशेनं दीड किलोमीटरवर असलेलं ठिकाण रस्त्यापलीकडच्या 'समोर'पेक्षा लवकर गाठता येतं. जालना रोडवर शेअर रिक्षा सतत धावतात, हात केला की थांबतात. पाहुण्यांना हे माहीत नसतं. ते ॲपवरच्या टॅक्सीची वाट बघत दारात ताटकळतात.

हॉटेलच्या आसपासच चव शोधणं

पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, "इथलं काहीतरी खाऊ घाला." इथलं म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा, येसराची आमटी, पिठलं, धपाटे. परिषदेच्या हॉटेलाजवळ हे मिळेलच असं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. अशा हॉटेलात उतरणारा माणूस रोज तिथं जेवत नाही. म्हणून रोज ज्याला बाहेर जेवावंच लागतं, त्याच्या मागं जा: एसटीनं आलेला शेतकरी, कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार, खोली करून राहणारा विद्यार्थी, एमआयडीसीतला कामगार. मध्यवर्ती बसस्थानक, सिडको बसस्थानक, अदालत रोड, जाधववाडीचा मोंढा, विद्यापीठाचा परिसर. या पट्ट्यांत ताट साधं, पण रोजच्या गिऱ्हाइकाला पटलेलं असतं. तिथं खराब भाजी दोनदा वाढली की तिसऱ्या दिवशी माणूस शेजारच्या दारात जातो.

पण या ठिकाणांचं घड्याळ त्यांच्या गिऱ्हाइकाचं असतं. कोर्ट बंद तर कोर्टासमोरची खानावळही बहुधा बंद. मेसला रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि संध्याकाळी सुट्टी, हा रिवाज ज्यानं शिकताना मेसचं खाल्लंय त्याला सांगायला नको. आणि भाकरीला वेळ असते. अडीचला पोचलात तर ऐकायला मिळतं, "भाकरी आता नाही व्हायची, साहेब. थापणाऱ्या बाया गेल्या. चपाती देऊ का?" चपाती घ्या, वाद घालू नका.

लातूरला परिषद असेल तर काम सोपं आहे. क्लासेसच्या मुलांमुळं मेस पावलोपावली आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाहुण्याचं ताट मिळतं, फक्त तासभर आधी सांगावं लागतं. नांदेडला कोणी पाहुणा "कुठं जेवू?" म्हणाला, तर सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातला लंगर सगळ्यांना खुला आहे. डोकं झाकायचं, खाली पंगतीत बसायचं, पानात टाकायचं नाही. परभणी-नांदेडकडं नाश्त्याला सुशीला दिसली तर पोहे सोडा आणि ती घ्या. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी आणि वरून दाण्याचं कूट. मुंबईकर आधी नावाला हसतात आणि मग दुसरी प्लेट मागतात.

एकदा जानेवारीत कोणीतरी टूम काढली, पाहुण्यांना दुपारच्या सुट्टीत हुरडा खायला नेऊ. शेत शहराबाहेर, आगटी पेटवायची, कणसं भाजायची, चोळायची. दुपारचं पूर्ण सत्र वीस माणसांवर झालं. हुरड्याला अर्धा दिवस द्या, नाहीतर नाव काढू नका.

जुन्या शहराला 'धावती भेट' देणं

मांसाहारी पाहुणा नान खलियाबद्दल, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याबद्दल, विचारतोच. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा फौजेसोबत हे जेवण आलं असं सांगतात. आज ते शोधायचं ते शहागंज, बुढीलेन, रोशन गेट या भागांत. जालना रोडच्या चकचकीत मेन्यूकार्डावर ते शोधू नका. दुपारच्या सुट्टीत तर मुळीच जाऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लावायला जागा नाही, आणि माल देगेत असेल तोवरच. उशिरा गेलं की "खतम हो गया भाई, कल आओ." माझ्या पहिल्या यादीत हे 'लंच' या रकान्यात होतं. त्या दिवशी चौघं गेले आणि चौघंही केळी खाऊन परत आले.

इथं दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं आणि 'बडे का' म्हणजे मोठ्या जनावराचं. ज्याला फरक पडतो त्यानं बसण्याआधी विचारावं. विचारण्यात कोणाला राग येत नाही, ताट आल्यावर तोंड वाकडं केलं तर येतो. दुसरं, रमजानमध्ये दिवसा हा भाग शांत असतो आणि रोजा सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसते. परिषद त्या महिन्यात असेल तर रात्रीच न्या. पोटापेक्षा डोळेच जास्त भरतील.

चाळीस जणांनी एका दारात जाणं

चांगलं ठिकाण सापडलं की मी ते सगळ्यांना सांगत सुटायचो. थाळीच्या हॉटेलात साठ खुर्च्या असतील तर दुपारी दीडला त्यातल्या पन्नास भरलेल्या असतात. वरून चाळीस ओळखपत्रं आली की वाढपी गडबडतात, डाळ पातळ होते आणि रोजचं गिऱ्हाईक उठून जातं. आठापेक्षा जास्त माणसं असतील तर सकाळी दहापर्यंत फोन करा. आकडा सांगा, वेळ सांगा आणि शाकाहारी किती, उपवासाचे किती तेही सांगा. चतुर्थी-एकादशीला भगर-आमटी आधी सांगितली तर कुठंही होते, ऐनवेळी कुठंच होत नाही. साखरेचा त्रास असलेल्यांना रांगेच्या भरवशावर सोडू नका. मी आता खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवतो.

जेवण हॉटेलवरच मागवायचं असेल तर आधी गेटवर विचारा. बाहेरचं अन्न सभागृहात चालत नाही आणि पोहोचवणाऱ्या मुलाला रखवालदार आत सोडत नाही. तो मागच्या गेटला आणि तुम्ही पुढच्या, असं फोनवर पंधरा मिनिटं चालतं.

पाटी अर्धवट वाचणं

'शुद्ध शाकाहारी' आणि 'व्हेज-नॉनव्हेज' यातला फरक सगळ्यांना कळतो. चुकतं ते पुढं. काळं मटण आणि कडक भाकरी जिथं फार चांगली मिळते, तिथं पुष्कळदा परमिट रूम असते. एका वर्षी मी महिला प्रतिनिधींच्या गटाला अशाच एका ठिकाणी पाठवलं. जेवण उत्तम होतं, पण शेजारच्या टेबलांमुळं त्या दहा मिनिटांत पार्सल घेऊन परतल्या आणि मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. 'फॅमिली रूम' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. तिचा जिना वेगळा आहे की बारमधूनच जातो, ते बघून या.

तारे किती, यापेक्षा शेवटचा अभिप्राय कधीचा आहे ते बघा. आचारी बदलला की जुने तारे तसेच राहतात, आमटी मात्र बदलते.

बिलाचा विचार शेवटी करणं

ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. सेवाशुल्क आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा ते काढायला सांगा, शांतपणे. ज्यांना ऑफिसातून पैसे परत मिळवायचे आहेत त्यांनी पक्कं बिल मिळतं का हे आधी विचारावं. खानावळीतल्या कागदाच्या चिटोऱ्यावर ऑडिटर खूश होत नाही.

सगळंच फसलं तर

पावणेतीन वाजलेत, यादीतलं एक बंद, दुसरं भरलेलं. अशा वेळी रिसेप्शनवर जाऊ नका, तिथं हॉटेलच्याच रेस्टॉरंटकडं बोट दाखवतात. गेटवरच्या माणसाला विचारा, आणि "चांगलं कुठं मिळतं?" असं विचारू नका. "तुम्ही स्वतः कुठं जेवता?" असं विचारा.

मी तसं विचारलं होतं. तो म्हणाला, "मी डबा आणतो, साहेब." मग माझा चेहरा बघून त्यानं भिंतीमागं हात केला. "पण ड्रायव्हर लोक त्या गल्लीत जायलेत. पिठलं असंल अजून. लवकर जा."