शेजारच्या देशात गाडी घेऊन निघालात? परमिटच्या या चुका टाळा

सुनौलीला रस्त्यावर एक कमान आहे. अलीकडे उत्तर प्रदेशाचा महाराजगंज जिल्हा, पलीकडे नेपाळ. रिक्षा, ट्रक, बाजार करून घरी परतणारी माणसं सगळीच त्या कमानीखालून ये-जा करत असतात आणि फारसं कोणी कोणाला अडवत नाही. गोव्याहून कित्येक दिवस गाडी हाकत आलेल्या माणसाला हे बघून वाटतं, झालं, पोचलो नेपाळात. तो तसाच पुढे निघतो. मग वाटेत कुठेतरी वाहतूक पोलीस हात करतात, गाडीचा भन्सार, म्हणजे जकात कचेरीची चिठ्ठी, मागतात आणि तिथून सगळ्या सहलीचा विचका होतो.

रस्त्याने परदेशी जाताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. नाका उघडा दिसला म्हणजे परवानगी मिळाली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चार परवानग्या वेगवेगळ्या असतात: माणसाची, गाडीची, ठिकाणाची आणि दिवसांची. विमानतळावर तुम्हाला कोणीतरी रांगेत उभं करतं. रस्त्यावर ती रांग आपणच शोधायची असते. म्हापसा, फोंडा, डिचोलीकडून दुचाक्या आणि गाड्या घेऊन नेपाळ-भूतानला जाणारे आता बरेच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधार कार्डावर विसंबणं

देशात सगळीकडे आधार चालतं, त्यामुळे अनेकजण तेवढंच खिशात टाकून निघतात. भूतानच्या प्रवेश परमिटसाठी भारतीयांना किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार तिथे चालत नाही. मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईल अशी आशाही ठेवू नका, मूळ कार्ड बरोबर असू द्या. नेपाळसाठी आपल्या गृह मंत्रालयाने आधारची सूट दिली आहे ती 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 वर्षांवरच्या ज्येष्ठांना. मधल्या वयाच्या माणसाने पासपोर्ट किंवा निवडणूक कार्ड घ्यावं हे उत्तम.

मुलांचं प्रकरण याहून नाजूक. अठरा वर्षांखालच्या मुलाकडे निवडणूक कार्ड असण्याचा प्रश्नच नाही. त्याचा पासपोर्ट नसेल तर भूतानसाठी इंग्रजीतला जन्मदाखला लागतो आणि बरोबर आई, वडील किंवा कायदेशीर पालक हवेत. भाच्याला घेऊन निघालेल्या मामाने हे आधी बघावं. आणि इथे आपल्या गोव्याची खास अडचण येते. आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, निवडणूक कार्डावर तिसरं. देसाईत एक एस की दोन, नाईकच्या शेवटी के की क्यूयूई, गावकरमध्ये के की सी. पणजीच्या कचेरीतल्या माणसाला हे पाठ असतं, तो मान हलवून पुढे जातो. भूतानच्या सीमेवरच्या फुन्त्शोलिंग गावात परमिटच्या खिडकीवर बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र कागदावरचा बाप आणि समोर उभा असलेला बाप ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात, आणि त्यात त्याची काही चूक नाही. निघायच्या दोन-तीन महिने आधी सगळ्यांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्तीला वेळ लागतो, ती नाक्यावर होत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्या भावाला आपल्यातच धरणं

ही चूक गोव्याबाहेरच्या प्रवाशांना क्वचितच भोवते, आपल्याला हमखास. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे एकाच घरात एका भावाकडे भारतीय पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज, असं आता सर्रास दिसतं. सुट्टीला आलेला भाऊ म्हणतो, मीही येतो. सगळे एकाच गाडीत बसतात, घरातल्या एकाच भाषेत बोलतात आणि नाक्यावर मात्र एकजण परदेशी निघतो.

आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड भारतात येण्यासाठी आहे, भूतान-नेपाळच्या दृष्टीने त्या कार्डाला काही किंमत नाही. भूतानला जायचं तर त्या भावाला आधीच व्हिसा काढावा लागेल आणि शाश्वत विकास शुल्क प्रत्येक रात्रीला 100 डॉलर भरावं लागेल. भारतीयांना तेच शुल्क 1200 रुपये आहे. नेपाळला त्याला नाक्यावर व्हिसा मिळतो, 15 दिवसांचा 30 डॉलरला, पण तो मागून घ्यावा लागतो. त्याआधी भारताच्या इमिग्रेशन कचेरीत जाऊन बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा. सुनौलीला ती कचेरी नजरेतून सहज निसटते, कारण बरोबरच्या भारतीयांना तिथे थांबायची गरजच नसते. सगळे जातात तसा तोही पुढे जातो आणि परतताना शिक्का कुठे आहे म्हणून विचारणा झाली की उत्तर नसतं.

घरात जुनं निवडणूक कार्ड पडलेलं असतं, ते दाखवून बघू असा सल्ला कोणीतरी देतोच. कृपा करून तसं करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा करणं हा गुन्हा आहे, आणि शंभर डॉलर वाचवण्यासाठी भावाचं ओसीआय पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

जुन्या पिढीतल्या पेडण्याच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. गोवामुक्तीच्या आधी पेडण्याहून सावंतवाडीला जाणं म्हणजेही हद्द ओलांडणं होतं.

थिम्पूचं परमिट घेऊन पुनाखाला निघणं

भूतानबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. सीमेच्या अलीकडच्या आपल्या जयगावहून फुन्त्शोलिंगला पोचणं सोपं असतं, पण फुन्त्शोलिंग म्हणजे सगळं भूतान नव्हे. गाव सोडून घाट चढायला लागलं की रिंचेंदिंगची चौकी येते आणि परमिट नसेल तर तिथून गाडी परत फिरवावी लागते. भारतीयांना फुन्त्शोलिंगला मिळणारं प्रवेश परमिट मुळात थिम्पू आणि पारो या दोन भागांसाठी असतं. पुनाखा, वांगदू, ‘हा’ नावाचं खोरं, बुमथांग इकडे जायचं तर वेगळं रूट परमिट लागतं. थिम्पूहून दोचुला खिंडीकडे जाताना होंगत्शोला ते तपासलं जातं. खिंड दिसायच्या आत परत फिरावं लागलेल्या माणसाच्या मनाला काय वाटतं ते सांगायला नको. शिवाय 2022 मध्ये भूतान पर्यटकांसाठी पुन्हा खुलं झाल्यापासून थिम्पू-पारोच्या पलीकडे भूतानी गाईड सोबत असणं आवश्यक झालं आहे. म्हणजे आपल्या गाडीत त्याच्यासाठी एक जागाही मोकळी ठेवायला हवी. पाचजणांच्या गाडीत पाचजण बसवून निघणाऱ्यांनी हा हिशेब घरीच करावा.

परमिट ऑनलाइन अर्ज करून आधी काढता येतं. प्रवासाचा आराखडा आणि राहण्याचं बुकिंग तयार असेल तर काम पटकन उरकतं. नाक्यावर जाऊन काढू म्हणणाऱ्यांनी निदान भूतानच्या सुट्ट्यांची यादी पाहावी. आपण 19 डिसेंबरच्या मुक्तिदिनाला जोडून रजा टाकतो, आणि 17 डिसेंबर हा भूतानचा राष्ट्रीय दिन असतो. तिथली घड्याळंही आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहेत. आपल्या साडेचारला तिथे पाच वाजलेले असतात, खिडकी बंद व्हायची वेळ.

नेपाळात भारतीयांना कुठेही जाता येतं, असं मानणं

1950 च्या मैत्री करारामुळे आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही हे खरं. पण मुक्तिनाथला गाडीने जाताना अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्र लागतं आणि त्याचं परमिट भारतीयांनाही घ्यावं लागतं. पोखऱ्यात किंवा काठमांडूत ते मिळतं, सोपं काम आहे. खरी फसगत कागबेनीला होते. तिथून एक वाट मुक्तिनाथकडे जाते आणि दुसरी उत्तरेला लो मान्थांगकडे. उत्तरेचा अप्पर मुस्तांग हा निर्बंधित प्रदेश आहे. तिथलं परमिट महाग असतं, नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं आणि भारतीयांना त्यातून सूट नाही. रस्ता चांगला दिसतोय, जाऊन तर बघू, म्हणत दुचाकी तिकडे वळवणारे चौकीवर अडकतात.

गाडीचे कागद विसरणं

नेपाळात आपल्या गाडीला भन्सारची चिठ्ठी लागते. ती दिवसांच्या हिशेबाने मिळते. सुनौली, रक्सौल, काकडभिट्टा अशा सगळ्या मोठ्या नाक्यांवर तशी कचेरी आहे. दरड कोसळून दोन दिवस जादा अडकलात तर दंड पडतो, म्हणून सुरुवातीलाच एक-दोन दिवस वाढवून घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. भूतानमध्येही गाडीचं परमिट माणसाच्या परमिटपेक्षा वेगळं असतं आणि परदेशी गाड्यांवर रोजचं शुल्क आहे. ते धरल्यावर जयगावला गाडी ठेवून भूतानी टॅक्सीने फिरणं अनेकांना परवडतं. माझं मत विचाराल तर कुटुंबासाठी तेच बरं. घाटरस्ते तिथल्या ड्रायव्हरला सवयीचे असतात आणि चौकीवर बोलणंही तोच करतो.

गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं संमतिपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं मूळ स्वरूपात हवं. विमा सीमेपलीकडे लागू आहे का हे कंपनीला लेखी विचारा. गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या काळ्या पाटीच्या गाड्या घेऊन असल्या प्रवासाला निघूच नये. आणि आरटीओने दिलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हे गाडी चालवण्यापुरतं असतं. त्याच्या नावात परमिट आहे म्हणून त्याने कोणत्याही देशाचं दार उघडत नाही.

अडकलातच तर

परमिट नाही हे आत गेल्यावर लक्षात आलं तर पुढची चौकी चुकवायचा विचार करू नका. गाडी वळवा, मागच्या नाक्यावर या आणि जे घडलं ते सरळ सांगा. स्वतःहून परत आलेला माणूस आणि पन्नास किलोमीटर आत सापडलेला माणूस यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत. दंड झाला तर पावती मागून घ्या. पाचशे द्या, मी करतो, म्हणणारे दलाल सीमेवरच्या प्रत्येक गावात भेटतात. त्यांनी आणून दिलेला कागद खोटा निघाला तर जबाबदार तुम्हीच ठरता.

कागद हरवला असेल किंवा पासपोर्ट ताब्यात घेतला गेला असेल तर भारतीय वकिलातीला कळवा. भूतानमध्ये थिम्पूला आपला दूतावास आहे आणि फुन्त्शोलिंगलाही वकिलात आहे, नेपाळमध्ये काठमांडूला दूतावास. त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण सीमा ओलांडली की आपलं सिमकार्ड बऱ्याचदा मुकं होतं. सगळ्या कागदांच्या प्रती एका वेगळ्या बॅगेत आणि एक संच घरी राहिलेल्या माणसाकडे ठेवा.

बाहेर पडतानाही नाक्यावर थांबायचं असतं, हे परतीच्या घाईत राहून जातं. भन्सारची चिठ्ठी कचेरीत परत द्या, परमिटवर निघाल्याची नोंद करून घ्या आणि ती झाल्याचा फोटो जवळ ठेवा. ही नोंद राहिली तर गाडी कागदोपत्री अजून तिथेच आहे असं दिसतं, आणि पुढच्या खेपेला तीच गाडी घेऊन गेलात की आधी त्याचा खुलासा करत बसावं लागतं.