झेब्रा फिंचची पिल्लं मडक्याबाहेर आल्यावर: पुढचे तीन आठवडे कसे सांभाळावेत

दोन दिवस घरट्याच्या मडक्याच्या तोंडाशी डोकावणारं पिल्लू एका सकाळी थेट पिंजऱ्याच्या तळाशी बसलेलं दिसतं. राखाडी अंग, काळीभोर चोच, आखूड शेपूट. अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण १८ ते २१ दिवसांनी हे घडतं. घरातल्या सगळ्यांना वाटतं, आता हे मोठं झालं. माझ्याकडे दगावलेली बहुतेक पिल्लं मात्र मडक्यात नाही, बाहेर पडल्यानंतरच गेली. एक पिल्लू तर चाऱ्याने भरलेल्या वाटीशेजारी गेलं. त्या वाटीत वरचा अख्खा थर नुसत्या टरफलांचा होता, आणि ते मला दिसलं नव्हतं.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगते: पिल्लू दाण्यावर चोच मारतंय म्हणजे ते खातंय, असं नाही. फिंच दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून, टरफल सोलून आतला गर खातो. ही कला पिल्लाला जमायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत त्याचं पोट आईबापच भरतात. बाहेर पडल्यापासून हे कौशल्य येईपर्यंतचा काळ नीट पार पाडणं, एवढंच आपलं काम.

पहिला दिवस: पिंजरा तयार करा

पिल्लांना उडता येतं, पण नेमकं उतरता येत नाही. त्यामुळे एक-दोन दांड्या तळापासून चार-पाच इंचांवर लावा. चाऱ्याची एक उथळ ताटली तळाशीच ठेवा, पण दांडीच्या खाली नको, नाहीतर वरून विष्ठा पडते. अंघोळीचं खोल भांडं काढून टाका. बोटाच्या पेरापेक्षाही कमी पाणी राहील अशी बशी घ्या आणि त्यात दोन-चार स्वच्छ गोटे ठेवा. भिजलेलं पिल्लू बुडालं नाही तरी गारठून मरू शकतं. पिंजऱ्याच्या गजांत अर्ध्या इंचाहून जास्त अंतर असेल तर पिल्लू डोकं अडकवतं, त्या बाजूला बारीक जाळी बांधा.

मडकं काढू नका. सुरुवातीचे काही दिवस पिल्लं रात्री झोपायला परत मडक्यात जातात. एखाद्याला जमत नसेल तर अंधार पडायच्या आत हलक्या हाताने उचलून आत ठेवा. हाताचा वास लागला म्हणून आईबाप टाकून देतात, ही भीती इथे बाळगू नका, पाळलेले फिंच तसं करत नाहीत. चौदा-पंधरा दिवसांचं, पिसं अर्धवट असलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर तेही लगेच परत आत. पण एकच पिल्लू रोज बाहेर पडत असेल तर मडक्यात काहीतरी बिघडलंय. उवा, मुंग्या किंवा फारच ओलसर काथ्या आहे का, ते बघा.

पंखा बंद, मांजर दूर, पिंजऱ्याजवळ डासांची अगरबत्ती नको आणि नॉनस्टिक तवा तापत ठेवू नका. जास्त तापलेल्या नॉनस्टिकचा धूर छोट्या पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. रात्री मंद झिरो बल्ब असू द्या. फटाक्याच्या आवाजाने किंवा पालीच्या हालचालीने पिल्लं दचकून अंधारात गजांवर आपटतात.

खायला काय, आणि कसं

या काळात भरवण्याचा मोठा भार बाप उचलतो, कारण आई बऱ्याचदा पुढची अंडी घालायच्या तयारीत असते. पिल्लू मान वाकडी करून, डोकं खाली घालून, चोच वर उघडतं आणि बाप चोचीत चोच घालून चारा ओततो. तेव्हा तुम्ही देता ते अन्न आधी बापाच्या पोटात जातं. त्याला भरपूर आणि मऊ अन्न मिळालं तर पिल्लांनाही मिळतं.

कोरडा चारा दिवसभर हवा: राळे (पक्ष्यांच्या दुकानात कांगणी मागा) मुख्य, सोबत थोडी वरी आणि नाचणी. बाजरीचा दाणा पिल्लांच्या चोचीला मोठा पडतो. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर ते खालच्या दांडीजवळ टांगा. पिल्लं त्यावर लोंबकळत, ओढत, खेळत दाणे काढायला शिकतात. माझ्या मते शिकवायला याहून चांगलं साधन नाही.

मोड आणलेले राळे हा पुढचा टप्पा. मूठभर राळे रात्रभर भिजवा, सकाळी तीन-चार पाण्यांतून धुवा, चाळणीत निथळत ठेवा आणि दर सहा-आठ तासांनी पुन्हा धुवा. टोकाला पांढरा ठिपका दिसला की तयार. टरफल मऊ झालेलं असल्याने नवख्या चोचीलाही ते सोलता येतं. देण्यापूर्वी नाकाजवळ धरा: ताज्या मातीसारखा वास चालेल, आंबूस वास आला तर सगळं फेकून द्या. पावसाळ्यात माझे निम्मे मोड वाया जातात, तरी मी संशयाचे दाणे देत नाही.

अंडं: दहा-बारा मिनिटं कडक उकडा आणि धुतलेल्या टरफलासकट बारीक कुस्करा. आईबाप आणि चार पिल्लांना सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा पुरे. उन्हाळ्यात दोन तासांनी उरलेलं उचला, विसरू नका. बारीक चिरलेली कोथिंबीर, मेथी नीट धुऊन रोज थोडी द्या. समुद्रफेस म्हणजे कटलबोन गजाला अडकवा. कोकणात किनाऱ्यावर तो सापडतो, पण दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून कडक उन्हात वाळवल्याशिवाय देऊ नका. दूध-पाव, मीठ-तिखटाचं काही, चॉकलेट, अवोकाडो, कांदा यांपैकी काहीही नको.

आणि ती वाटी! दिवसातून दोनदा हातात घेऊन वरची टरफलं फुंकून काढा. बाहेरून पूर्ण भरलेली दिसणारी वाटी आतून रिकामी असू शकते. मोठे पक्षी तळ उकरून दाणा शोधतात, पिल्लं शोधत नाहीत.

पिल्लू खरंच खातंय का?

वयाच्या चौथ्या आठवड्यात पिल्लं दाणे उचलून टाकायला लागतात. आता रोज संध्याकाळी दहा मिनिटं नुसतं बसून बघा. चोच दोन्ही बाजूंना हलतेय आणि टरफल खाली पडतंय? म्हणजे खरं खाणं सुरू झालं. दाणा उचलून तसाच पडतोय? मग अजून नाही. विष्ठेत काळपट-हिरवी गुठळी आणि पांढरा भाग असावा. फक्त पाणी पाणी किंवा चकचकीत गडद हिरवं दिसलं तर पोटात अन्न नाही, असं समजून लगेच अंड्याचं आणि मोडाचं प्रमाण वाढवा. मोठा झेब्रा फिंच साधारण १२ ते १५ ग्रॅमचा. सोन्या-चांदीच्या वजनाला वापरतात तो छोटा डिजिटल काटा मिळाला तर पिल्लाला कागदी पुड्यात ठेवून दिवसाआड वजन लिहून ठेवा. सलग दोनदा घटलं, तर वाट बघू नका. दिवसा पिसं फुगवून, डोळे मिटून एकटं बसलेलं पिल्लू आजारी आहे. त्याला ऊब द्या आणि पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठा.

आईबाप दोघंही नसतील तर दुकानातलं हाताने भरवायचं पक्षीखाद्य कोमट पाण्यात पातळ कालवून १ मिलीच्या सुई काढलेल्या सिरिंजने, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर दीड-दोन तासांनी थेंबाथेंबाने द्या. चोच न उघडणाऱ्या पिल्लाच्या तोंडात नुसतं पाणी कधीच सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं.

वेगळं कधी करायचं

अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण ३५ दिवस पूर्ण झाल्यावर, आणि पिल्लाने चार-पाच दिवस स्वतः सोलून खाल्लेलं तुम्ही पाहिलं असेल तरच. गोल्डियन फिंच (फिंचची दुसरी, रंगीबेरंगी जात) असतील तर आणखी दहा दिवस द्या. बाप पिल्लांच्या पाठीची पिसं उपटायला लागला किंवा पिल्लं नव्या अंड्यांवर नाचायला लागली, तर मध्ये जाळी टाकून पिंजरा विभागा. जाळीतूनही बाप भरवतो. घाईने दुसऱ्या खोलीत नेऊ नका.

नवा पिंजरा बापाच्या आवाजाच्या टप्प्यातच ठेवा, कारण नर पिल्लं गाणं बापाचं ऐकूनच शिकतात, साधारण २५व्या ते ६५व्या दिवसांत. नव्या पिंजऱ्यात पहिले तीन-चार दिवस जुनंच अन्न, जुनीच वाटी आणि शक्यतो सगळी भावंडं एकत्र. पुढे काळ्या चोचीत नारिंगी झाक येते आणि नरांच्या गालावर केशरी ठिपका उमटतो. मग दोन महिन्यांच्या आसपास नर-मादी वेगवेगळे करा. ती लवकर जोडी जमवतात, पण सहा महिन्यांच्या आत त्यांना मडकं देऊ नका.

बागेत मुनियाचं, म्हणजे फिंचसारख्याच आपल्याकडच्या रानपक्ष्याचं, पिल्लू सापडलं तर हे मार्गदर्शन त्याला लावू नका. आपल्या मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याचे आईबाप बहुधा जवळच्याच झुडपात चारा घेऊन थांबलेले असतात.