पहिला कस्टम वॉटर कूलिंग लूप: पाणी भरण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

कस्टम लूप म्हणजे कॉम्प्युटर थंड ठेवायला स्वतः जोडलेलं पाण्याचं चक्र: रिझर्व्हॉयर म्हणजे छोट्या टाकीतलं पाणी पंप फिरवतो, ते सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून उष्णता घेतं आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये ती सोडतं. पहिला लूप करायचा म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती असते, गळतीची. ती रास्त आहे, पण नीट चाचणी केली तर गळती बहुतेक वेळा कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच सापडते. जास्त त्रास देतात त्या कागदावरच्या चुका. रेडिएटर कॅबिनेटमध्ये वर बसतच नाही, ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक वेगळ्याच बोर्डाचा निघतो, एक फिटिंग (ट्यूब पार्टला जोडणारा तुकडा) कमी पडलं म्हणून अख्खं काम दोन-तीन आठवडे अडून राहतं. आणि वर्षभराने पाणी बदलायची वेळ आली की लक्षात येतं, ते काढायला वाटच ठेवलेली नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की लूपचा आराखडा ‘पाणी बाहेर कसं काढायचं’ या प्रश्नापासून सुरू करा. बाकीचे बरेच निर्णय त्यातून आपोआप सुटतात.

पाणी काढायची वाट न ठेवणं

लूपच्या सगळ्यात खालच्या जागी, बहुतेकदा पंपाजवळ, एक टी-फिटिंग टाका. त्याच्या तिसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला बूच. हे सगळं अशा बाजूला यावं की तिथे नळी लावून दुसरं टोक बादलीत सोडता येईल. ग्राफिक्स कार्डाच्या खाली, हात जाणार नाही अशा कोपऱ्यात बसवलेला व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. वरून हवा आत आली नाही तर पाणी खाली उतरत नाही, त्यामुळे रिझर्व्हॉयरचं वरचं बूच कॅबिनेट न खोलता उघडता आलं पाहिजे. एवढं करूनही रेडिएटरमध्ये थोडं पाणी राहतंच, ते कॅबिनेट कलती करून काढावं लागतं.

याच कारणासाठी पहिल्या लूपला मऊ ट्यूब घ्या. काचेसारख्या सरळ रेषेतल्या हार्ड ट्यूबचे फोटो मोहात पाडतात, मान्य. पण हीट गनने ट्यूब वाकवणं, आत सिलिकॉनची दोरी घालून ती चपटी होऊ न देणं, टोक काटकोनात कापून कडा घासणं हे वेगळं कौशल्य आहे. कडा धारदार राहिली तर फिटिंगमध्ये ढकलताना ती ओ-रिंगच, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडंच, कापते. मऊ ट्यूबमध्ये चूक झाली तर तुकडा बदलला की झालं. रॅम बदलायची झाली तरी ब्लॉकची नळी जरा बाजूला सरकवता येते, अख्खा लूप रिकामा करावा लागत नाही.

मऊ ट्यूबमध्येही काळी ईपीडीएम रबराची घ्यावी. पारदर्शक पीव्हीसीला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हळूहळू पाण्यात उतरतं, ट्यूब दुधाळ दिसू लागते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर धरतो. ईपीडीएममधून आतलं पाणी दिसत नाही, पण ती वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

उष्णतेचा हिशेब खोलीचं तापमान सोडून करणं

‘प्रत्येक पार्टला १२० मिमी रेडिएटर आणि वर एक जास्तीचा’ हा नियम जुना आहे. तो पडला तेव्हा कार्डं आजच्याइतकी वीज खात नव्हती. आज हिशेब वॅटमध्येच करावा. समजा रायझन ७ ७८००एक्स३डी हा सीपीयू आणि आरटीएक्स ४०८० हे कार्ड आहे. कागदावर १२० आणि ३२० मिळून ४४० वॅट. पंखे शांत, म्हणजे हजार-बाराशे आरपीएमच्या आसपास ठेवायचे असतील, तर १२० मिमीच्या एका पंख्यामागे साधारण १०० वॅट धरा. पाणी मग खोलीपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहील. या जोडीला एक ३६० मिमीचा (तीन पंख्यांचा) आणि एक २४० मिमीचा (दोन पंख्यांचा) रेडिएटर, म्हणजे पाच पंखे, आरामात पुरतात. एकट्या ३६० वरही लूप चालेल, पण पंखे जोरात फिरवावे लागतील, आणि मग एवढा खर्च कशासाठी केला हा प्रश्न उरतो.

आता त्यात आपलं हवामान घाला. वॉटर कूलिंग खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. युरोपातल्या बावीस अंशांच्या खोलीत पाणी बत्तीसवर राहतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी बंद असताना, खोली ३८ अंशांवर असेल तर तेच पाणी ४८ वर जातं. बाजारातल्या डी-५ प्रकारच्या पंपांवर पाण्याची कमाल मर्यादा साधारण ६० अंश लिहिलेली असते, आणि पीईटीजी या प्लास्टिकची हार्ड ट्यूब त्याच सुमारास मऊ पडून फिटिंगमधून निसटू लागते. त्यामुळे पाणी पन्नाशीच्या आत राहील एवढा रेडिएटर घ्यायचा, आणि विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर हिशेबापेक्षा एक पंखा जास्तच. हार्ड ट्यूब करायचीच असेल तर पीईटीजीऐवजी ॲक्रिलिक घ्या, ते जास्त उष्णता सोसतं.

लूपमध्ये कोण आधी, कोण नंतर यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाणी मिनिटाला ३ लिटर फिरत असेल तर ३०० वॅटच्या कार्डातून बाहेर पडताना ते फक्त दीडेक अंशाने तापलेलं असतं. तेव्हा नळ्या जशा सोप्या पडतील तशा जोडा. नियम एकच: रिझर्व्हॉयर पंपाच्या लगेच आधी आणि पंपापेक्षा वर. पंपाचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं. काही सेकंद कोरडा चालला तरी त्याचं आयुष्य कमी होतं.

माप न घेता मागवणं

३६० चा रेडिएटर ३६० मिमी लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ३९० ते ४०० मिमी होतो. जाडी ३० मिमी आणि पंखा २५, म्हणजे वरून ५५ मिमी जागा गेली. तिथे मदरबोर्डचे हीटसिंक आणि उंच रॅम आडवे येतात. कॅबिनेटच्या जाहिरातीतल्या ‘३६० सपोर्ट’वर विसंबू नका, टेप घेऊन मोजा.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक ही सगळ्यात महागडी चूक. आरटीएक्स ४०८० हे नाव एका ठरावीक बोर्डाचं नाही. प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा असू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही. ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव शोधा, आणि सापडल्याशिवाय पैसे भरू नका.

फिटिंग मोजताना डोळ्यांवर नाही, कागदावर भरवसा ठेवा. पंप-रिझर्व्हॉयर, सीपीयू ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक आणि दोन रेडिएटर असे पाच पार्ट, प्रत्येकाला एक आत आणि एक बाहेर, म्हणजे दहा कंप्रेशन फिटिंग (ट्यूब कड्याने आवळून धरणारी). त्यावर ड्रेनचा टी, व्हॉल्व्ह, बूच आणि काही ९० अंशांचे अडॅप्टर. मऊ ट्यूब लहान जागेत वळवली की मुडपते, म्हणून अडॅप्टर लागतातच. फिटिंगचे आटे सगळीकडे जी १/४ या मापाचे असतात, पण ट्यूबच्या आतल्या-बाहेरच्या मापाशी फिटिंग तंतोतंत जुळलं पाहिजे. १०/१३ ची ट्यूब १०/१६ च्या फिटिंगमध्ये धरत नाही. हे पार्ट आपल्याकडे बहुतेक बाहेरून येतात आणि शेजारच्या दुकानात मिळत नाहीत. दोन फिटिंग आणि काही ओ-रिंगा जास्तीच्याच मागवा.

धातूंची सरमिसळ

तांबं, पितळ आणि निकेल एकत्र चालतात. त्यांच्यात ॲल्युमिनियम आलं की पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. ही झीज महिनोन्‌महिने दिसत नाही. मग ब्लॉकमध्ये गाळ दिसतो आणि रेडिएटर पाझरतो. जुन्या एआयओचा (कारखान्यातून भरून येणाऱ्या तयार वॉटर कूलरचा) रेडिएटर काढून तांब्याच्या ब्लॉकला जोडायची युक्ती इथेच घात करते, कारण एआयओचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. स्वस्तात मिळालेल्या रेडिएटरच्या वर्णनात धातू लिहिलेला नसेल तर तो घेऊच नका.

कोणतं पाणी, आणि कोणतं नाही

नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. घरातल्या आरओचंही नाही, कारण त्यात चवीसाठी क्षार शिल्लक ठेवलेले असतात. घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर आरओचं पाणी त्याने तपासून बघा, आकडा शून्याच्या जवळपासही नसेल.

सोपा मार्ग म्हणजे लूपसाठी बनवलेलं तयार पारदर्शक कूलंट. दुसरा मार्ग डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी आणि त्यात गंजरोधक व शेवाळनाशक असलेलं काँसंट्रेट. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे पाण्याचे कॅन मिळतात ते चालू शकतात, मात्र दोन गोष्टी बघा. मीटरवर आकडा शून्याला टेकलेला हवा. आणि लेबल वाचून कॅन पाण्याचाच आहे याची खात्री करा, बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये असतं. नुसतं शुद्ध पाणी, काहीही न मिसळता, पहिले काही दिवस छान दिसतं. पुढे त्यात शेवाळ धरतं.

दुधाळ, पेस्टल रंगांचं कूलंट पहिल्या लूपमध्ये नको, असं मी ठामपणे सांगेन. त्यात रंगाचे घन कण तरंगत असतात. ब्लॉकच्या आत तांब्याच्या पात्या असतात आणि त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वर्षभर पेस्टल वाहिलेला ब्लॉक उघडला की मधल्या पात्या रंगाच्या थराने बुजलेल्या दिसतात, जिथून पाणी आत शिरतं नेमकं तिथेच. मग जुना टूथब्रश घेऊन एकेक ओळ मोकळी करत बसावं लागतं. रंग हवाच असेल तर पारदर्शक रंगीत कूलंट घ्या.

रेडिएटर न धुता जोडणं

नवा रेडिएटर आतून स्वच्छ नसतो. सोल्डरिंग करताना वापरलेला फ्लक्स (डाग नीट बसावा म्हणून लावलेलं रसायन) आणि धातूचा कीस आत राहिलेला असतो. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरा, दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा, जोरजोरात हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या पाण्यात काळे-करडे कण सहज दिसतात. पाणी निवळ येईपर्यंत हे करत राहा. हा कंटाळवाणा तास टाळला तर तोच कीस सीपीयू ब्लॉकच्या पात्यांत जाऊन बसतो.

भरताना आणि तपासताना घाई

फिटिंग हाताने आवळायचं, पान्याने नाही. पाणी अडवते ती ओ-रिंग, आट्यांचा जोर नाही. ॲक्रिलिकच्या ब्लॉकवर पाना फिरवला की बारीक तडा जातो, आणि तो लगेच दिसतोच असं नाही.

हवेचा टेस्टर मिळाला तर जरूर घ्या. छोटा हातपंप आणि काटा एवढंच ते असतं. साधारण अर्धा बार दाब भरून अर्धा तास ठेवा. काटा खाली आला तर एकही थेंब न सांडता गळती सापडली. रिझर्व्हॉयरला किती दाब चालतो ते मात्र आधी वाचा.

नंतर पाणी. मदरबोर्डची २४ पिन, सीपीयूची ८ पिन आणि कार्डाची केबल एसएमपीएसपासून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायपासून) मोकळी करा, फक्त पंप जोडा. २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग लावला की एसएमपीएस मदरबोर्डशिवाय चालू होतो. प्लग लावताना मागचं बटण बंद ठेवा. रिझर्व्हॉयर भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, पातळी खाली आली की लगेच बंद करा, पुन्हा भरा. सगळीकडे पाणी पोचलं की कॅबिनेट चारही बाजूंना कलती करून अडकलेली हवा बाहेर काढा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पंप चोवीस तास चालू द्या. ओला टिश्यू दुरूनही कळतो.

चालू झाल्यावर काही बिघडलं तर

निदान करायला पाण्याचं तापमान माहीत हवं. जी १/४ बुचाच्या आकाराचा सेन्सर मिळतो, तो पहिल्या खरेदीतच घ्या. पाणी थंड आणि सीपीयू लगेच नव्वदीत, म्हणजे दोष ब्लॉकच्या बसण्यात आहे. थर्मल पेस्ट, स्क्रूंचा असमान ताण, किंवा ब्लॉकच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिलेली. ब्लॉकवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असेल तर तेही तपासा, उलट जोडला तर कूलिंग कमी पडतं. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान) यांत पंचवीस-तीस अंशांचा फरक दिसला तर कार्डाचा ब्लॉक वाकडा बसलाय किंवा थर्मल पॅडची जाडी चुकलीय.

पाणीच हळूहळू तापत जात असेल तर पंखे, त्यांची दिशा आणि रेडिएटर बघा. प्रवाह महिन्यागणिक मंदावत असेल तर पात्यांत गाळ आहे.

सुरू करताच ‘सीपीयू फॅन एरर’ आली तर घाबरू नका. मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅन हेडरला, म्हणजे पंखा जोडायच्या पिनांना, फिरणारं काहीच जोडलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. पंपाची वेग सांगणारी तार तिथे जोडा. पंपाला वीज मात्र एसएमपीएसमधूनच द्या. साधा फॅन हेडर बहुधा १ ॲम्पियरचा असतो आणि डी-५ त्याहून जास्त मागू शकतो.

पंखे सतत वर-खाली होत असतील तर ते सीपीयूच्या तापमानावर चालतायत. एक लिटर पाणी ३०० वॅटने एक अंश तापायला चौदा सेकंद लागतात, मग क्षणिक उसळीला पंख्यांनी धावायची गरजच नाही. पंख्यांचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग ही आखणी, पाण्याच्या तापमानावर लावा.

आणि गळती दिसलीच तर आधी एसएमपीएसचं मागचं बटण बंद. ‘कूलंट वीजवाहक नाही’ या वाक्यावर विसंबू नका. लूपमध्ये फिरून धातूचे आयन आणि बोर्डवरची धूळ त्यात मिसळली की ते वीज वाहून नेतं. पार्ट काढा, टिपून घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. गळणारं फिटिंग जास्त आवळून गळती लपवू नका. ते उघडा, ओ-रिंगवर कापल्याची खूण किंवा अडकलेला केस-कचरा शोधा, रिंग बदला, आणि टिश्यू पेपरची चोवीस तासांची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा.