आईला घरीच ठेवायचं होतं

अर्धांगवायूनंतर आई कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर सोडायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दिवसाच्या मावशी यायच्या, पण दर आठवड्याला नवा चेहरा. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आईची त्यात फार ओढाताण व्हायची.

शेवटी कामांची फोड केली. जखम, कॅथेटर (लघवीची नळी) हे नर्सचं काम. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं मावशींचं. नर्स गरजेपुरतीच बोलावली, खर्च तिथंच उतरला. गल्लीतल्याच एका ताईंना थेट कामावर घेतलं. फिजिओथेरपिस्टनी त्यांना उचलण्याची पद्धत शिकवली: लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, कमरेला पट्टा बांधून आधार द्यायचा. दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ पलंगाशेजारच्या वहीत लिहायची. ही वही फार कामाची. रात्री मी, सकाळी ताई, कुणालाच काही विचारावं लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड (७० आणि त्यापुढच्यांसाठी, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार) दवाखान्यात दाखल झाल्यावरच चालतं, घरच्या मावशींच्या पगाराला नाही. म्हणून आईचं फॅमिली पेन्शन आणि आम्हा भावंडांचा दरमहाचा वाटा एकाच खात्यात जमा करतो. सीपीआर या सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला घेतला. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या अपंग आईवडिलांसाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. दाखल्यासाठी रुग्णाला न्यावं लागतं, रिक्षा आधीच ठरवून ठेवा.

ताईंची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. त्या दिवशी भाऊ पुण्याहून येतो.