ट्रकची थरथर कुठून येते ते शोधणे आणि नवे टायर निवडणे

ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले की बहुतेक मालक पहिली चौकशी टायरच्या दुकानात करतात. लासलगावहून मुंबईला कांदा नेणारी एक दहाचाकी गाडी अशीच माझ्याकडे आली होती. पुढची टायरजोडी आठच दिवसांपूर्वी बदललेली होती आणि थरथर मात्र जशीच्या तशी होती. चाक उतरवल्यावर दिसले की हबच्या, म्हणजे एक्सलच्या टोकाला फिरणाऱ्या भागाच्या, ज्या तोंडावर चाकाची डिस्क बसते, तिथे एका बाजूला गंजाचा आणि जुन्या रंगाचा नखाएवढा जाड पापुद्रा धरलेला होता, आणि त्यामुळे चाक किंचित तिरके बसत होते. तारेच्या ब्रशने ते तोंड स्वच्छ घासले, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, आणि थरथर थांबली. दोन टायरांचा खर्च त्या मालकाला करावाच लागला नसता. म्हणून टायर घेण्याआधी कारण शोधावे असा माझा आग्रह असतो.

सुरुवात चालकाला विचारण्यापासून करावी. थरथर स्टिअरिंगमध्ये हाताला जाणवते की सीटखाली आणि केबिनच्या पत्र्यात, हा पहिला प्रश्न. हाताला जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. बसल्या जागी जाणवली तर मागच्या चाकांकडे किंवा प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला पोचवणाऱ्या लांब दांड्याकडे, पाहावे. या दोघांत फरक कसा करावा? १०.०० आर २० मापाच्या टायरचा परिघ साधारण सव्वातीन मीटर असतो, त्यामुळे ताशी ६० च्या वेगाला तो सेकंदाला पाचेक फेरे घेतो. मागच्या एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, सहाच्या आसपास असेल तर त्याच वेगाला शाफ्ट सेकंदाला तीसेक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष मोजता येण्यासारख्या धक्क्यांनी कळतो, तर शाफ्टचा दोष बारीक घरघरीसारखा लागतो. अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच घरघर बदलत असेल, तर शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस आणि शाफ्टला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग आधी तपासावे. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरा येत असेल तर टायरचा विचार बाजूला ठेवून ब्रेक ड्रम गोल आहे की अंडाकृती झाला आहे ते पाहावे. घाट उतरताना वारंवार तापलेल्या ड्रमांत हा दोष नेहमी आढळतो. नायलॉन टायरची गाडी भरलेल्या अवस्थेत रात्रभर उभी असेल, तर टायरचा खालचा भाग चपटा होऊन सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड होते आणि टायर गरम झाल्यावर ती आपोआप जाते. त्यासाठी काहीच करायचे नसते.

यानंतर गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी, पुढचा एक्सल जॅकने उचलावा आणि त्याखाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाजवळ बसू नये. चाक वर आणि खाली धरून हलवून पाहावे. ढिलाई जाणवली तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे आणि तशीच राहिली तर किंग पिनमध्ये, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या खिळीवर वळते तिच्यात, आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखड आली तर दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे पाहावेत.

मग टायर गोल फिरतो का ते तपासावे. टायरच्या तोंडासमोर दोन विटा रचून त्यावर खडूचा तुकडा असा ठेवावा की त्याचे टोक रबरापासून काडीभर अंतरावर राहील, आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. एका जागी टायर खडूला घासतो आणि पुढे दूर जातो, असे होत असेल तर फरक मोजावा. पुढच्या चाकाला साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालू देऊ नये. तोच खडू मग रिमच्या कडेजवळ धरावा. रिमही डोलत असेल तर रिम वाकलेला आहे किंवा हबवर नीट बसलेला नाही. रिम सरळ फिरत असूनही टायर डोलत असेल, तर रिमच्या कडेलगत टायरवर असलेली बारीक गोल रेघ पाहावी. तिचे रिमपासूनचे अंतर सगळीकडे सारखे नसेल तर टायर रिमवर वाकडा बसला आहे; हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून तो पुन्हा बसवला की काम होते. बॅलन्सिंग मशीनवर गाडी न्यायची ती या सगळ्यानंतर, कारण वाकड्या बसलेल्या चाकाला वजने लावून दोष फक्त झाकला जातो.

शेवटी तळहात टायरच्या नक्षीवरून सावकाश फिरवावा. आत तारांचा पट्टा सुटू लागला असेल तर डोळ्याला दिसण्याआधी हाताला उंचवटा लागतो. हळू वेगातही स्टिअरिंग डुलत असेल आणि हाताला असा फुगा लागला, तर तो टायर त्याच क्षणी काढावा. एक फेरी करून मग बदलू, हा विचार इथे जिवावर बेततो.

झीज कशी झाली आहे यावरूनही कारण कळते. मधला भाग झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. हात फिरवताना टायर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो, म्हणजे पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बिघडला आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकला आहे, चाकाचा तोल गेला आहे किंवा बेअरिंग ढिले आहे. ही कारणे तशीच ठेवून बसवलेला नवा टायरही त्याच वाटेने जातो.

चाक उतरवण्याबद्दल एक सूचना मी कोणालाही दिल्याशिवाय राहत नाही. ट्यूबचे आणि टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या सुट्या लॉक रिंगचे चाक असेल तर नटाला पाना लावण्याआधी हवा पूर्ण सोडावी. जोडचाक, म्हणजे एकाच बाजूला लागून बसवलेले दोन टायर, असेल तर दोन्ही टायरांची सोडावी. तडा गेलेल्या रिमची रिंग भरल्या हवेत सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. हवा भरताना चाक लोखंडी संरक्षक पिंजऱ्यात ठेवावे आणि लांब नळीने बाजूला उभे राहून भरावी.

आता खरेदी. टायर किती भार आणि वेग पेलतो हे सांगणारी १४६/१४३ के अशी खूण त्याच्या बाजूवर असते. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा: १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो, आणि के म्हणजे ताशी ११० किलोमीटर. केंद्र सरकारने २०१८ मध्ये एक्सलभाराची मर्यादा वाढवली. पुढचा एक्सल ६ टनांवरून ७ टनांवर गेला आणि मागचा आठ टायरांचा दुहेरी एक्सल १९ वरून २१ टनांवर. हिशेब करून पाहावा. २१ टन आठ टायरांत वाटले तर प्रत्येकी २,६२५ किलो येतात, म्हणजे १४३ चा टायर पुरतो. ७ टन दोन टायरांत वाटले तर मात्र ३,५०० किलो येतात, आणि त्याला १४६ नव्हे तर ३,५५० किलो पेलणारा १५२ चा टायर लागतो. आपल्या गाडीच्या कागदांवर पुढच्या एक्सलसमोर कोणता आकडा आहे ते पाहिल्याशिवाय ‘मागच्या वेळी घेतला तोच द्या’ असे दुकानदाराला सांगू नये.

नक्षी रस्त्यावरून ठरवावी. पुढे सरळ रेघांची रिब नक्षी घ्यावी. ती वळणावर ताब्यात राहते आणि कमी तापते. मागे, उसाच्या शेतातून किंवा खाणीतून माल काढणाऱ्या गाडीला खोल, जाड ठोकळ्यांची लग नक्षी हवी, पण दिवसभर महामार्गावर धावणाऱ्या गाडीला तीच लग नक्षी आवाज, उष्णता आणि डिझेलचा खर्च वाढवून देते. एका एक्सलवर नायलॉन धाग्यांचे आणि तारांच्या पट्ट्याचे रेडियल टायर एकत्र लावू नयेत. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर (केसिंगवर) नवी नक्षी चढवलेला टायर, चांगल्या केसिंगवर केलेला असेल तर मागे जरूर वापरावा, पुढे वापरू नये.

जोडचाकांत माप जुळणे फार महत्त्वाचे आहे. नव्या टायरशेजारी झिजून गोटा झालेला टायर लावला तर मोठा टायर धाकट्याचाही भार उचलतो आणि धाकटा रस्त्यावर घासत राहतो. फीत लावून दोघांचा परिघ मोजावा. फरक २० मिलिमीटरच्या आत ठेवावा, आणि थोडा फरक राहिलाच तर धाकटा टायर आत घालावा, कारण रस्ता मध्यभागी उंच असल्याने आतल्या चाकाखाली जमीन वर असते.

दुकानात टायर हातात घेतल्यावर आयएसआय चिन्ह आणि टायर कधी बनला ते सांगणाऱ्या बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा.

बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसार तपासावेत. हवा सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजावी. वाटेत तापलेल्या टायरची वाढलेली हवा कधीही सोडू नये. प्रत्येक टायरचा क्रमांक, तो लावल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर केबिनमधल्या वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी थरथर सुरू झाली की त्याआधी कोणते चाक उतरवले होते ते लगेच सापडते.