ऑली जमत नाही? आधी या चुका टाळा

नागपुरात मी पोरांना स्केटबोर्ड शिकवतो. ऑली म्हणजे हात न लावता बोर्डसकट हवेत मारलेली उडी. बोर्डवर नीट उभं राहता येण्याआधीच त्यांना रीलमधली किकफ्लिप, म्हणजे हवेत बोर्ड गरकन फिरवायची करामत, हवी असते. घाईही तीच, चुकाही त्याच.

ऑलीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, दाबून धरणं. बघणाऱ्याला वाटतं, बोर्ड पायाला चिकटून वर येतो. तसं काही नसतं. मागच्या पायाच्या झटक्याने टेल जमिनीवर आपटते आणि जमीन तिला तितक्याच जोराने उलट ढकलते. बोर्ड उसळतो तो या धक्क्याने. त्या क्षणी तुमचं वजन टेलवरच असेल, तर ती वर येणार कशी?

गेल्या उन्हाळ्यात दहावीचा एक मुलगा यायचा. दरवेळी बोर्डचं नाक आकाशाकडे, टेल सिमेंटवर आणि हा पाठीवर. म्हणायचा, "दादा, जोर तर लावूनच राहिलो ना!" त्याला म्हटलं, जोर सोड, आवाज ऐक. पाय टेलवर राहिला की दबका 'थप्प' येतो, वेळेत सुटला की कोरडा 'टक्'. मग क्रम बदलायला लावला: आधी गुडघ्यांतून उडी, अंग वर निघालं की शेवटी घोट्याचा झटका. एका संध्याकाळी तो 'टक्' आला आणि चारही चाकं सुटली. इंचभरच, पण सुटली.

पुढचा पाय नुसता उचलूही नका. बुटाची कड ग्रिप टेपवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या खरखरीत थरावर, घासत नाकाकडे न्या. घर्षण बोर्डला वर ओढतं, मग नाकावरचा दाब त्याला आडवा करतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन स्केटर रॉडनी मलनने सपाट जमिनीवर बसवलेली ऑली ती हीच.

चालत्या बोर्डवरून पुढे उडी मारू नका. तुमचा आणि बोर्डचा वेग आधीच सारखा असतो. सरळ वर उडा, तो पायाखालीच राहतो.

बोर्ड डुगडुगतो म्हणून ट्रक (चाकं धरणारे बोर्डखालचे धातूचे भाग) करकचून आवळणं मला मुळीच पटत नाही. त्याने तोल येत नाही, वळणं तेवढं जातं.

सिमेंट रोडच्या सांध्यात छोटं कडक चाक अडकतं. बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही. मी आधी पायाने खडे बाजूला करतो, मगच बोर्ड टेकवतो.

आणि ताठ गुडघ्यांनी उतरू नका. ४० सेंमीवरून पडून शरीर ४ सेंमीत थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या ११ पट बल येतं. गुडघे मोडत तेच ४० सेंमीत थांबवलं, तर फक्त दुप्पट.